गणित वजा केल्यावर उरतं काय?

१९८७ साली ‘अ प्रायव्हेट युनिव्हर्स’ नावाचा एक छोटा माहितीपट निघाला. मॅथ्यू श्नेप्स आणि फिलिप सॅडलर हे त्याचे कर्ते. हार्वर्ड विद्यापीठातला पदवीदानाचा दिवस, अंगावर झगे, डोक्यावर टोप्या, आणि त्या आनंदात असलेल्या माणसांना कॅमेऱ्यासमोर विचारलेले शाळकरी प्रश्न: उन्हाळा-हिवाळा कशामुळे होतो? चंद्राच्या कला कशामुळे दिसतात? विद्यार्थी, माजी विद्यार्थी, प्राध्यापक असे २३ जण; त्यांपैकी २१ जणांचं उत्तर चुकलं. बहुतेकांनी छातीठोकपणे सांगितलं की पृथ्वी सूर्याच्या जवळ गेली की उन्हाळा, लांब गेली की हिवाळा. या माहितीपटावर आजवर पुष्कळ हसून झालं आहे, आणि ते हसणं थोडं अन्यायाचंही आहे, कारण आपल्याकडे एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या फाटकात उभं राहून हेच विचारलं तर निकाल फार वेगळा लागेल असं समजायला काही आधार नाही. इथे एक गोष्ट मात्र पकडून ठेवायला हवी. ही माणसं गणितात कच्ची नव्हती. विज्ञानाचे वरच्या पायरीचे अभ्यासक्रम पुरे केलेलेही त्यांच्यात होते. म्हणजे गणित येत असूनही ऋतू कळलेले नव्हते. तेव्हा खगोलशास्त्र गणितासह शिकवावं की गणिताशिवाय, हा वाद ज्या जागी घातला जातो ती जागाच चुकलेली आहे.

गणिताशिवायच्या खगोलशास्त्राचे दोन नमुने आपल्या ओळखीचे आहेत. पहिला व्याख्यानाचा. आकाशगंगेचा व्यास सुमारे एक लाख प्रकाशवर्षं, सूर्याच्या गाभ्याचं तापमान दीड कोटी अंश, अमुक ताऱ्याचा आज दिसणारा प्रकाश शिवाजी महाराजांच्या काळात निघाला होता. श्रोते थक्क होतात, टाळ्या पडतात, सभागृह रिकामं होतं. दुसरा नमुना ओळखपरेडीचा: हा व्याध, ती कृत्तिका, तो तिथे लालसर दिसतो तो मंगळ. हल्ली हे काम मोबाइलवरची अ‍ॅपं विनातक्रार करतात. दोन्ही नमुन्यांत वाईट काही नाही. पहिल्याने उत्सुकता वाढते, दुसऱ्याने डोळा तयार होतो. पण दोन्हींत शिकणाऱ्याच्या हाती जे लागतं ते फक्त ऐकीव. दीड कोटीऐवजी वक्ता पंधरा कोटी म्हणाला असता तर सभागृहातल्या कुणालाही शंका आली नसती. समीकरणं वगळताना आपण नकळत पुरावाही वगळला, आणि त्या रिकाम्या जागेत विशेषणं आणि शून्यं भरली, हे या प्रकाराचं खरं दुखणं आहे. गणित वजा करायला हरकत नाही, पण प्रत्येक विधानामागचं ‘हे कशावरून?’ वजा करायला हरकत आहे. आणि खगोलशास्त्राच्या प्राथमिक भागात त्या ‘कशावरून’चं उत्तर बहुतेक वेळा दिशा, सावली, वेळ आणि आकार एवढ्यावर देता येतं.

चंद्राच्या कलांचंच घ्या. पृथ्वीची सावली चंद्रावर पडते म्हणून कला दिसतात, हा जगातला बहुधा सर्वांत लोकप्रिय खगोलीय गैरसमज. तो खोडायला मराठी घरात एक साधन भिंतीवर टांगलेलं असतं. दिनदर्शिकेत प्रत्येक संकष्टी चतुर्थीला चंद्रोदयाची वेळ छापलेली असते आणि उपास सोडण्यासाठी ती घरोघरी पाहिली जाते: रात्रीचे साडेआठ, नऊ, कधी साडेनऊ. शुद्ध चतुर्थीचा चंद्र मात्र सूर्य मावळतो तेव्हा पश्चिमेलाच असतो आणि रात्री नऊ-दहापर्यंत मावळून जातो. (गणेश चतुर्थीला चंद्र पाहायचा नाही हे पथ्य पाळायचं, तर तो संध्याकाळी कुठे असतो हे आधी ठाऊक हवं.) आता विचार करा. सूर्य नुकताच पश्चिमेला बुडाला आहे, कोरीचा चंद्रही पश्चिमेलाच, सूर्यापासून, लांब केलेल्या हाताने मापल्या तर, फार तर पाच-सहा मुठींच्या अंतरावर. पृथ्वीची सावली पडणार ती सूर्याच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे या क्षणी पूर्वेकडे. चंद्र एकीकडे आणि सावली भलतीकडे. मग चंद्राचा उरलेला भाग अंधारात ठेवला कुणी? पृथ्वीने तर नाहीच. या तर्कात एकही आकडेमोड नाही, पण हा तर्क लुळा नाही. यातून एक सिद्धान्त खोटा ठरतो, आणि तो का खोटा हे दहा वर्षांचं मूल दुसऱ्याला पटवून देऊ शकतं. पृथ्वीची सावली चंद्रावर पडते ती पौर्णिमेलाच, सूर्य आणि चंद्र समोरासमोर असताना, आणि त्याला आपण ग्रहण म्हणतो.

खोटं काय हे कळलं, पण खरं काय? त्यासाठी रात्रीची वाट पाहण्याचीही गरज नाही. वद्य अष्टमीच्या सुमारास सकाळी आठला, शाळेत प्रार्थना चालू असते तेव्हा, अर्धा चंद्र पश्चिमेकडच्या आकाशात चांगला वर असतो आणि त्याच्याकडे कुणी पाहत नाही. एका काडीला पांढरा चेंडू खोचायचा, उन्हात उभं राहायचं आणि हात लांब करून चेंडू चंद्राच्या अगदी शेजारी दिसेल असा धरायचा. चेंडूचा जेवढा भाग उजळलेला दिसतो तेवढाच चंद्राचा दिसतो. प्रकाशाची कडही त्याच कलाने तिरपी. मग चेंडू हळूहळू सूर्याच्या दिशेकडे सरकवत न्यायचा: उजळ भाग निमुळता होत कोर उरते. सूर्याकडे पाठ करून तो समोर, डोक्याची सावली टाळून धरला की पूर्ण उजळतो. डोक्याच्या सावलीत आला की ग्रहण. चेंडू आणि चंद्र दोघांवर एकाच सूर्याचं ऊन पडलेलं आहे, म्हणून दोघांची कला एकच. वर्गात दिवा लावून हाच प्रयोग करता येतो, पण त्यात दिवा म्हणजे सूर्य असं मानून चालावं लागतं. प्रार्थनेच्या मैदानावर काहीच मानावं लागत नाही, कारण तिथे सूर्यही खरा आणि चंद्रही खरा.

इतकं सोपं आहे तर अडतं कुठे? अडतं ते दोन ठिकाणी उभं राहून एकाच वेळी पाहण्यात. अंगणातून दिसणारं आकाश आणि अवकाशातून दिसणारी सूर्यमाला, या दोन चित्रांत डोक्यातल्या डोक्यात ये-जा करावी लागते, आणि ती भल्याभल्यांना जमत नाही. स्टेला व्होस्निआदू आणि विल्यम ब्रूअर यांनी १९९२ मध्ये अमेरिकेतल्या ६० मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ‘पृथ्वी गोल आहे’ हे वाक्य मुलांना पाठ होतं. पण पुढे खोदून विचारल्यावर कुणाची पृथ्वी पोकळ चेंडूसारखी निघाली, ज्याच्या आत सपाट जमिनीवर माणसं राहतात. कुणाच्या दोन पृथ्व्या होत्या, एक आकाशातली गोल आणि एक पायाखालची सपाट. याच पठडीतलं काम पुढे हैदराबादच्या मुलांवर झालं, तेव्हा काहींच्या मनातली पृथ्वी पाण्यावर टेकलेली आढळली. मुलांनी शिक्षकांचं वाक्य नाकारलेलं नव्हतं, उलट त्याची आणि डोळ्यांना दिसणाऱ्या सपाट जमिनीची प्रामाणिकपणे सांगड घातली होती. अशा मुलाला पृथ्वीचा परीघ ४०,००० किलोमीटर असल्याचं सांगून काय साधणार? ते दोन्ही पृथ्व्यांना तोच परीघ देऊन मोकळं होईल.

पाठ्यपुस्तकांतली चित्रं या गोंधळात भर टाकतात. ऋतूंच्या आकृतीत पृथ्वीची कक्षा बाजूने पाहिल्यासारखी, लांबट अंड्याच्या आकाराची काढलेली असते. चित्रकाराला खोली दाखवायची असते, मुलाला मात्र पृथ्वी दोनदा सूर्याजवळ आणि दोनदा दूर जाताना दिसते. खरी कक्षा कागदावर हुबेहूब काढली तर कंपासने काढलेल्या वर्तुळापासून ती डोळ्याला वेगळी ओळखू येणार नाही. सूर्य फक्त मध्यापासून किंचित सरकलेला असतो. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर येते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, आपण स्वेटर काढतो तेव्हा. आणि कुणाला कोटी किलोमीटरही नको असतील तर त्याने २६ डिसेंबरला टीव्ही लावावा. मेलबर्नला बॉक्सिंग डे कसोटी चालू असते, खेळाडूंच्या नाकाला पांढरं मलम, प्रेक्षक उघड्यावाघड्या अंगांनी. पृथ्वी तीच, दिवस तोच, सूर्यापासूनचं अंतर तेच. मग नागपुरात थंडी आणि मेलबर्नला उन्हाळा कसा? अंतराच्या सिद्धान्ताला या प्रश्नातून पळवाट नाही. जे काही कारण असेल ते उत्तरेला आणि दक्षिणेला वेगळं वागणारं हवं, आणि इथे पृथ्वीचा २३.५ अंशांचा कल पहिल्यांदा उत्तर म्हणून प्रवेश करतो. एरवी तो पाठ करायचा आणखी एक आकडा असतो.

चित्रांचा दुसरा दोष मापांचा. पुस्तकात पृथ्वी आणि चंद्र शेजाऱ्यांसारखे असतात, कारण पानाला रुंदी नसते. सूर्य एक मीटर व्यासाचा धरला तर पृथ्वी नऊ मिलिमीटरची, साधारण वाटाण्याएवढी, आणि ती ठेवायची १०७ मीटरवर. चंद्र अडीच मिलिमीटरचा, मोहरीहून जरासा मोठा, वाटाण्यापासून वीतभरापेक्षा थोडा जास्त दूर. हे मैदानावर मांडून पाहिलं की दर अमावास्येला सूर्यग्रहण का होत नाही हा प्रश्न आपोआप सुटतो. चंद्राची कक्षा पाच अंशांनी कललेली आहे हे वाक्य पुस्तकातल्या आकृतीत क्षुल्लक वाटतं. मैदानावर त्याचा अर्थ असा की मोहरी वाटाण्याच्या पातळीपासून अडीच वाटाणे वर किंवा खाली जाऊ शकते. नेम चुकायला एवढं पुष्कळ झालं. सर्वांत जवळचा तारा याच मापात कुठे ठेवायचा? सुमारे २९,००० किलोमीटर दूर. पृथ्वीवर तेवढी जागाच नाही. हे प्रमाण काढायला कुणीतरी भागाकार केलेला असतो, हे खरं. पण तो शिक्षकाने घरी करावा आणि मैदानावर फक्त वाटाणा आणावा.

हे सगळं खेळाच्या पातळीवरच राहतं असं वाटत असेल तर शून्य सावलीचा दिवस घ्यावा. सूर्य रोज दुपारी डोक्यावर येतो हाही असाच एक पक्का गैरसमज. महाराष्ट्रात तो वर्षातून दोनच दिवस बरोबर डोक्यावर येतो. कोल्हापुरात साधारण ६-७ मे, पुण्यात १३-१४ मे, मुंबईत १५-१६ मे, नागपुरात २६ मे, आणि पुन्हा पावसाळ्यात, जेव्हा ढगांमुळे त्याचा उपयोग नसतो. तेही घड्याळाच्या बाराला नव्हे: मेमध्ये मुंबईत बारा पस्तीसच्या सुमारास, नागपुरात बारा दहाच्या. कोल्हापूरच्या काठीची सावली नाहीशी होते त्याच दुपारी नागपूरच्या शाळेत एक मीटरच्या काठीला सुमारे आठ सेंटीमीटरची सावली असते. एका फोनवर हे जुळवता येतं. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी एराटोस्थेनिसने सायीन आणि अलेक्झांड्रिया या शहरांबाबत जो विचार केला तो हाच. इथे शिक्षकाने घाईने ‘म्हणून पृथ्वी गोल’ असं म्हणू नये. जमीन सपाट आणि सूर्य फार जवळ मानला तरी दोन काठ्यांच्या सावल्या अशाच वेगळ्या पडतील. वर्गातल्या एखाद्या वाकड्या डोक्याच्या मुलाने हे म्हटलं तर त्याला गप्प करू नये, कारण तो बरोबर आहे. पण सूर्य तसा जवळ असेल तर दुपारी डोक्यावर मोठा आणि संध्याकाळी दूर गेल्यावर लहान दिसायला हवा. ग्रहणाच्या चष्म्यातून दोन्ही वेळा पाहावं: लांब केलेल्या हाताच्या करंगळीची निम्मी रुंदी, दुपारीही तेवढीच आणि संध्याकाळीही. जवळचा सूर्य तिथे निकालात निघतो. दोन स्पर्धक स्पष्टीकरणं, दोघांनाही झेपणारा एक पुरावा, मग एकालाच झेपणारा दुसरा पुरावा. विज्ञान चालतं ते असं, आणि इथवर कुणाला त्रिकोणमिती आठवावी लागलेली नाही.

यावर जाणकारांचा आक्षेप ठरलेला असतो: खगोलशास्त्राचा प्राणच गणित आहे. १८४६ मध्ये ल व्हेरिएने कागदावर गणित मांडलं आणि बर्लिनच्या वेधशाळेत गाले यांनी दुर्बीण रोखली, तर नेपच्यून सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत सापडला. ते यश कुठल्या चेंडूने मिळालं असतं? मिळालं नसतं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र व खगोलभौतिकी ऑलिम्पियाड भरलं, त्याच्या प्रश्नपत्रिका गणिताशिवाय उघडायचंही कारण नाही. पण याच शास्त्राच्या इतिहासात दुसरी बाजूही आहे. १६१० च्या अखेरीस गॅलिलिओने दुर्बिणीतून शुक्राच्या कला पाहिल्या: लहान असताना जवळजवळ पूर्ण, मोठा होत गेला तसतशी कोर. टॉलेमीच्या व्यवस्थेत शुक्र कायम सूर्याच्या अलीकडे, त्यामुळे तो पूर्ण उजळलेला कधीच दिसू शकत नाही. चौदाशे वर्षांचा सिद्धान्त एका आकारापुढे पडला. (टायको ब्राहेची तडजोडीची व्यवस्था मात्र यातून सहीसलामत सुटते, हे सांगायला पुस्तकं हमखास विसरतात.) आक्षेपातला खरा भाग असा की चेंडू आणि काठीचं राज्य एका सीमेवर संपतं, आणि ती सीमा नवशिक्याला दाखवली पाहिजे. केप्लरने मंगळाची कक्षा वर्तुळ मानून केलेला हिशेब आणि टायकोची निरीक्षणं यांत आठ कलांचा (इथे कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) फरक राहिला, म्हणजे करंगळीच्या रुंदीचा सातवा-आठवा हिस्सा. तो त्याने सोडून दिला नाही, आणि वर्तुळ गेलं. इतका बारीक फरक हाताने दिसत नाही. तिथे मोजावंच लागतं. ज्याने आधी मुठीने आणि करंगळीने आकाश मापलं आहे त्याला ती आठ कलांची किंमत कळते. इतरांसाठी केप्लरचा पहिला नियम म्हणजे दोन गुणांचा प्रश्न.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: तिथी, नक्षत्रं, संकष्टी वर्गात आणली की पाठोपाठ फलज्योतिष येणार. भीती खोटी नाही. पण पंचांगातली माहिती वर्गाबाहेर ठेवल्याने ती भविष्यवाल्यांच्या ताब्यात गेली आहे, हेही तितकंच खरं. साडेसाती सगळ्यांना ठाऊक असते. त्यात शनी एका राशीत अडीच वर्षं राहतो, म्हणजे आकाशाची फेरी पुरी करायला त्याला सुमारे तीस वर्षं लागतात, हे निरीक्षण दडलेलं आहे. नाशिकचा सिंहस्थ बारा वर्षांनी येतो कारण गुरूला तेवढी वर्षं लागतात. दोघांपैकी दूर कोण, या प्रश्नावर मुलं अंदाज करू लागतात आणि शनी भीतीचा विषय राहत नाही, दुर्बिणीचा होतो. मृग नक्षत्र ‘लागतं’ ते जूनच्या ७-८ तारखेला, आणि नेमका तेव्हाच मृग आकाशात दिसत नाही, कारण सूर्य त्याच्याच अंगणात असतो. तो पाहायचा तर डिसेंबरच्या संध्याकाळी. पंचांग तपासताही येतं. मकरसंक्रांतीला उत्तरायण सुरू होतं असं घरोघरी सांगतात. डिसेंबरच्या मध्यापासून एकाच गच्चीवरून, एकाच जागी उभं राहून, सूर्य कुठल्या इमारतीमागे मावळतो ते वहीत नोंदवत जावं. तो २१-२२ डिसेंबरला दक्षिणेकडची हद्द गाठून परततो, आणि संक्रांतीपर्यंत मुंबई-पुण्याच्या क्षितिजावर दोन अंशांहून जास्त, म्हणजे स्वतःच्या चार व्यासांइतका उत्तरेकडे सरकलेला असतो. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी दोन्ही दिवस एकत्र येत होते. पृथ्वीचा अक्ष डोलतो म्हणून ते फाकले. परंपरेचा मान राखून परंपरेची चूक शोधायची, तर याहून नेमकं ठिकाण मिळणार नाही. फलज्योतिषाचा निवाडा मात्र गच्चीवर होत नाही, तिथे मोजणीच लागते. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी पुण्यात घेतलेल्या चाचणीत २७ ज्योतिष्यांना प्रत्येकी ४० कुंडल्या दिल्या होत्या, कुंडली हुशार मुलाची की मतिमंद मुलाची एवढंच ओळखायचं होतं. सर्वांत चांगली कामगिरी २४ ची निघाली. ४० पैकी २४ म्हणजे थोडं की फार, हे नाणं उडवून पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि संभाव्यतेचा पहिला धडा तिथे सुरू करता येतो.

उरतो व्यवहाराचा आक्षेप: शाळा दिवसा, आकाश रात्री, शहरात दिव्यांची झगमग, आणि शिक्षकाला अभ्यासक्रम संपवायचा. वर दिलेल्यापैकी बहुतेक गोष्टी दिवसाउजेडी, शहरातच होतात. सूर्य आणि चंद्र मुंबईच्या दिव्यांना दबत नाहीत. तारे पाहायचे तर १९४४ पासून काम करणारी पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, वांगणीला रात्र जागवणारं खगोल मंडळ आहे. पद्धतीचं म्हणाल तर मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात शमीन पडळकर आणि जयश्री रामदास यांनी शालेय खगोलशास्त्रासाठी प्रतिकृती, आकृत्या आणि हातवारे यांची सांगड घालून काम केलेलं आहे: मूल स्वतः पृथ्वी होऊन फिरतं, हाताने क्षितिज दाखवतं, आणि अंगणातून अवकाशात जाण्याची ती अवघड उडी आधी शरीराने मारतं. शं. बा. दीक्षितांनी एकोणिसाव्या शतकात ‘ज्योतिर्विलास’ लिहून सामान्य वाचकाला आकाशाशी जोडलं, आणि ते पेशाने शिक्षकच होते. तेव्हा मराठीत हे नवं नाही. अडचण प्रश्नपत्रिकेची आहे. सूर्य-पृथ्वी अंतर किती, चंद्राला प्रदक्षिणेस किती दिवस लागतात, असे प्रश्न तपासायला सोपे असतात म्हणून विचारले जातात, आणि जे विचारलं जातं तेच शिकवलं जातं. त्याऐवजी एकच चित्र छापावं: सूर्य नुकताच मावळला आहे आणि पूर्वेच्या डोंगरामागून चंद्राची नाजूक कोर उगवते आहे. भेटकार्डांवर, बालगीतांच्या पुस्तकांत असं चित्र सर्रास असतं. खाली प्रश्न: हे दृश्य खरं असू शकतं का? कारण द्या, गुण चार. चित्र काढायला अर्धा तास पुरे. वेळ लागेल तो उत्तरं तपासायला, कारण आदर्श उत्तराशी शब्द जुळवून हे गुण देता येणार नाहीत. परीक्षकाला प्रत्येक उत्तरातला तर्क वाचावा लागेल, आणि त्याआधी तो स्वतःला पटलेला असावा लागेल.